बिनभाड्याचा पाहुणा

भटाला ओसरी दिल्यावर पुढे काय होते, हे मराठी माणसाला म्हणीनेच शिकविले आहे. त्या म्हणीची आठवण मला झाशी-कानपूर रस्त्यावरील चिरगावी झाली. गाव मैथिलीशरण गुप्तांचे, म्हणून मुद्दाम गेलो होतो. परंतु तेथे नेमणुकीवर असलेल्या एका मराठी अधिकाऱ्यांकडे चहाला बसलो आणि बोलणे त्यांच्या वाईच्या घराकडे वळले. बिऱ्हाड मिळेपर्यंत दोन महिने म्हणून त्यांनी ते मामेभावाला राहावयास दिले, त्याला आठ वर्षे झाली. भाडे ठरले नव्हते, कधी मागितलेही नाही. भावाने मात्र परसात एक पक्की खोली बांधली. दिवाळीच्या रजेत जाऊन त्याचे सामान रस्त्यावर मांडावे, असा गृहस्थांचा बेत होता. परप्रांती नोकरी करणाऱ्या आपणांपैकी कितीकांच्या मनात असा बेत घोळत असेल!

प्रश्न फार जुना आहे. परक्याच्या जागेत घर बांधून जो भाडे देत राहिला, त्याने जाताना गवत, लाकूड, विटा खुशाल न्याव्यात. भाडे न देता, मालकाच्या इच्छेविरुद्ध जो राहिला, त्याला ते नेता येणार नाही, असे नारदस्मृती सांगते. याज्ञवल्क्याचा रोख मालकावर आहे. डोळ्यांदेखत दुसरा वीस वर्षे जमीन भोगीत असता जो गप्प बसतो, तो तिला मुकतो. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत या वचनाची धार बोथट केली. बुडते ते उत्पन्न, जमीन नव्हे, असा त्याचा निर्वाळा. मला हा अर्थ ओढूनताणून काढलेला वाटतो, पण घरमालकांनी त्याचे ऋणी असावे.

इंग्रजी अमदानीत १८८२ चा इझमेंट्स ॲक्ट आला. तो १८९१ साली मुंबई इलाख्याला आणि वायव्य प्रांताला एकदमच लागू झाला, त्यामुळे या बाबतीत वाई आणि चिरगाव एकाच कायद्याखाली आली. नुसत्या परवानगीने राहणाऱ्याचा जागेत हक्क उत्पन्न होत नाही. मालक परवानगी काढून घेऊ शकतो, मात्र सामान हलविण्यास वाजवी मुदत दिली पाहिजे. अपवाद एकच ध्यानात ठेवण्याजोगा: परवानगीच्या आधारे खर्च करून कायम स्वरूपाचे बांधकाम केले असेल, तर ती परत घेता येत नाही. बारा वर्षांच्या वहिवाटीचे भय पुष्कळांना असते. पण मालकाच्या मर्जीने चाललेली वहिवाट कितीही वर्षांची असली, तरी ती विरोधी ताबा ठरत नाही.

बळजोरीला मात्र १८७७ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टनेच आळा घातला होता, आणि १९६३ च्या कायद्यात ते कलम कायम राहिले. कायद्याचा मार्ग सोडून ज्याला बाहेर काढले, त्याने सहा महिन्यांत दावा लावला, तर मालकी कोणाची हे न पाहता ताबा परत मिळू शकतो.

मुंबईत तर गंमतच झाली. १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा चुकविण्यासाठी मालक भाडेकरूला परवानाधारक म्हणू लागले. तेव्हा कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी शुल्क देऊन राहणारे परवानाधारक भाडेकरू ठरले. फुकट राहणाऱ्याला हे संरक्षण मिळाले नाही!

गोव्यातील एका बहीणभावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली हा विषय पुष्कळसा स्पष्ट केला. भाऊ बहिणीच्या घरात होता, आणि वर सांगितलेल्या १९६३ च्या कलमाखाली दावा त्यानेच लावला होता. विनामूल्य राहू दिलेल्याला दशके लोटली तरी हक्क मिळत नाही, असे म्हणून न्यायालयाने बहिणीच्या बाजूने निकाल दिला.

हे ऐकून यजमानांनी रस्त्यावर सामान मांडण्याचा बेत सोडला व नोटिशीचा मसुदा करावयास घेतला. महिन्याची मुदत द्यावी, असे ठरले. खोली बांधण्यास संमती दिली होती काय, असे मी विचारले. ते म्हणाले, "छे! मला आठवत नाही."

"तुम्हीच तर पत्रात लिहिलं होतं, खुशाल बांध म्हणून," वहिनी आतून म्हणाल्या.

ते पत्र वाईला, भावापाशी आहे.