सभापती की अध्यक्ष?

उदगीरच्या मोंढ्यात तुरीचा सौदा चालू असताना 'सभापती आले' असं कुणी म्हटलं, की बाजार समितीचा प्रमुख आला हे हमालालाही कळतं. सीमा ओलांडून भालकीला आलं की त्याच पदावरचा माणूस 'अध्यक्ष' होतो. 1956 पर्यंत ही दोन्ही गावं एकाच बीदर जिल्ह्यात होती!

शब्द दोन्ही जुने. 'सभापती' यजुर्वेदातल्या रुद्रात आहे. अभिषेकाला बसणाऱ्यांच्या तोंडी तो नेहमी येतो. 'अध्यक्ष' म्हणजे वरून नजर ठेवणारा. कौटिल्याने प्रत्येक खात्यावर एकेक नेमलाय: शेतीवर सीताध्यक्ष, दारूवर सुराध्यक्ष. इंग्रजांचा 'स्पीकर' मात्र बोलणारा. 1377 मध्ये टॉमस हंगरफर्डला हे नाव मिळालं, तेव्हा सभागृहाचं म्हणणं राजापुढे जाऊन मांडणं हे त्याचं काम. आपल्याकडे हे पद आधी 'प्रेसिडेंट' म्हणून आलं. 1921 मध्ये मुंबई कौन्सिलात त्यावर नारायण चंदावरकर बसले. 1937 मध्ये दादासाहेब मावळंकर त्याच मुंबईत 'स्पीकर' झाले.

बीदरकरांचा पहिला स्पीकर हैदराबाद राज्याचा, आणि मराठी: 1952 च्या विधानसभेतले काशीनाथराव वैद्य. पुढे बीदर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. गंमत अशी, की विधानसभेला कानडीत सभाध्यक्ष, मराठीत अध्यक्ष. विधान परिषदेला दोन्हीकडे सभापतीच. राजधानीत जमलेलं हे गणित तालुक्याला येऊन बिघडतं.

स्पीकरचं नाव बोलण्याचं, पण काम नजर ठेवण्याचं. एरवी त्याला मतही नाही. समसमान मतं पडली तरच निर्णायक मत. कोणतं विधेयक धनविधेयक, हे विधानसभेचा अध्यक्ष ठरवतो. आमदाराचा राजीनामा मनापासूनचा आहे का, हेही 1974 च्या घटनादुरुस्तीपासून तोच पाहतो. मार्च 2019 मध्ये कर्नाटकातल्या चिंचोळीचे आमदार उमेश जाधव यांनी राजीनामा दिला, तेव्हा अध्यक्ष रमेश कुमार यांनी लगेच सही केली नाही. मंजुरीला काही आठवडे लागले. तोवर जाधव पक्ष बदलून कलबुर्गीतून लोकसभेच्या रिंगणात उतरलेही होते.

खुर्ची बीदरलाही आली, थोड्या दिवसांसाठी. मे 2022 मध्ये परिषदेचे सभापती बसवराज होरट्टी यांनी पद सोडलं. उपसभापतीचीही जागा रिकामी होती. अशा वेळी राज्यपाल सदस्यांतूनच एकाला नेमतात. त्यांनी बीदरचे रघुनाथराव मलकापुरे यांना नेमलं. डिसेंबरात होरट्टी पुन्हा निवडून आले आणि खुर्ची हुबळीकडे परतली.