बार्बर, फ्रान्सिस

(सु. १७४२–१३ जानेवारी १८०१). इंग्रज कोशकार सॅम्युएल जॉन्सनचा घरगडी आणि पुढे त्याचा प्रमुख वारस. जन्म जमैकात, बॅथर्स्ट कुटुंबाच्या उसाच्या मळ्यावर, गुलाम म्हणून. मूळ नाव क्वाशी. कर्नल बॅथर्स्टने १७५० मध्ये त्याला इंग्लंडला आणले. तिथे बाप्तिस्म्याबरोबर त्याचे नाव बदलले आणि त्याला यॉर्कशरमधील एका शाळेत घातले. १७५२ मध्ये जॉन्सनची पत्नी वारली, त्यानंतर थोड्याच दिवसांत, कर्नलचा मुलगा जॉन्सनचा मित्र असल्याने, हा दहाएक वर्षांचा पोर त्याच्या लंडनमधील गॉफ स्क्वेअरच्या घरी आला. माळ्यावर तेव्हा इंग्रजी शब्दकोशाचे काम चालले होते. पुढे कर्नलच्या मृत्युपत्राने बार्बरला स्वातंत्र्य आणि १२ पौंड मिळाले.

दार उघडावे, निरोप पोचवावा, टेबलावर वाढावे, एवढेच काम. ज्याच्या केसांच्या टोपात फणीसुद्धा शिरत नाही त्याला नोकर हवाच कशाला, असा कुत्सित शेरा चरित्रकार हॉकिन्सने मारला आहे. हॉज या लाडक्या मांजरासाठी कालवे आणायला मात्र जॉन्सन स्वतः जाई. जनावराची उस्तवार करायला लावल्याने बार्बरला कमीपणा वाटेल, ही त्याला काळजी.

तरीही बार्बर दोनदा घर सोडून गेला : १७५६ मध्ये एका औषधविक्रेत्याकडे आणि १७५८ मध्ये आरमारात. जहाजावरचे जिणे जॉन्सनला तुरुंगाहून वाईट वाटे. कादंबरीकार स्मॉलेटला मध्ये घालून आणि राजकारणी जॉन विल्क्सपर्यंत शब्द टाकून त्याने १७६० मध्ये बार्बरची सुटका करवली. ‘सुटका’ जॉन्सनच्या लेखी. आपली तशी काही इच्छा नव्हती, असे बार्बरने पुढे जॉन्सनचा दुसरा चरित्रकार बॉझवेल याला सांगितले. धन्याच्या मायेत हुकमत होतीच. पंचविशीतल्या या गड्याला त्याने बिशप्स स्टॉर्टफर्डच्या शाळेत पुन्हा बाकावर बसवले.

एलिझाबेथ बॉल या गोऱ्या स्त्रीशी बार्बरने लग्न केले. १७८४ मध्ये जॉन्सन वारला तेव्हा त्याने बार्बरला वर्षाला ७० पौंडांचा तनखा आणि मालमत्तेतला उरलेला वाटा ठेवला. हॉकिन्सला हे औदार्य अजिबात रुचले नाही. बार्बर सहकुटुंब लिचफील्डला, जॉन्सनच्या जन्मगावी, राहायला गेला. पैसा पुरेना, तेव्हा धन्याच्या आठवणीच्या वस्तू विकाव्या लागल्या. पुढे जवळच्या बर्नटवुडला त्याने छोटी शाळाही चालवली. स्टॅफर्डच्या रुग्णालयात तो मरण पावला.

मृत्यूपूर्वी जॉन्सनने आपले बरेच कागद जाळले. बालपणीच्या आठवणींची काही पाने तेवढी बार्बरने जपून ठेवली होती. ती १८०५ मध्ये छापली गेली.