जुन्या मोटारीचा जमाखर्च

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राजवटी यांचीच आठवण आपल्याला प्रथम होते. परंतु रोजच्या वापरातील वस्तूंनाही इतिहास असतो, आणि त्या वस्तूंपायी माणसांनी जो पैसा वेचला त्याचा इतिहास तर कित्येकदा राजेरजवाड्यांच्या इतिहासाहून अधिक बोधप्रद ठरतो. आज मी आपल्यापुढे एका मोटारीचा जमाखर्च मांडणार आहे. मोटार जपानी, तिची बाजारपेठ अमेरिकन आणि काळ गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांचा. प्रश्न मात्र एकच : वेगासाठी आणि रूपासाठी बांधलेली अशी मोटार जुनी होऊन स्वस्तात मिळू लागली, म्हणजे ती खरोखरच स्वस्त पडते काय ?

ज्या मोटारीला दोनच दरवाजे असतात, पक्के छत असते आणि ते छत मागच्या बाजूला उतरत गेलेले असते, तिला कूपे म्हणतात. कुटुंब घेऊन फिरण्यासाठी ती नव्हे. चालविणारा आणि त्याच्या शेजारी आणखी एक, एवढ्यांचीच ती सोय. १९६०च्या दशकात अशा मोटारी म्हटल्या की इंग्लंडची जग्वार आणि जर्मनीची पोर्शे ही नावे लोकांच्या ओठांवर येत. जपानी मोटार म्हणजे लहान, काटकसरी आणि साधी, असा अमेरिकेतील समज होता.

तो समज मोडण्याचे काम निस्सान कंपनीने केले. ही कंपनी त्या काळी अमेरिकेत आपल्या मोटारी डॅटसन या नावाने विकत असे. तेथील कारभाराचे प्रमुख युताका कातायामा यांना अमेरिकन माणसाची आवड ठाऊक होती. योशिहिको मात्सुओ यांच्या हाताखालील रेखनकारांनी जी मोटार घडविली, तिला जपानात 'फेअरलेडी झेड' असे नाव देण्यात आले. हे नाजूक नाव अमेरिकेत चालणार नाही हे ओळखून कातायामांनी तेथे आलेल्या मोटारींवरील नावाच्या पट्ट्या काढविल्या आणि '२४०-झेड' एवढेच नाव ठेवले. सहा सिलिंडरांचे सुमारे २,४०० घनसेंटिमीटरांचे इंजिन, दीडशे अश्वशक्ती आणि ताशी दोनशे किलोमीटरांच्या घरातील वेग ; आणि किंमत ३,५२६ डॉलर. जग्वार किंवा पोर्शे घ्यावयाची तर याहून दोन-तीन हजार डॉलर अधिक मोजावे लागत. १९६९ च्या अखेरीस विक्री सुरू झाली आणि पाहता पाहता खरेदीदारांच्या याद्या लांबल्या. छापील किमतीहून अधिक पैसे देऊन मोटार उचलणारे पुष्कळ निघाले. पुढे १९७८ पर्यंत इंजिन वाढवीत वाढवीत हीच घडण चालू राहिली आणि तिच्या पाच लाखांहून अधिक मोटारी जगभर गेल्या.

येथवरची कथा विक्रीची झाली. आता मालकीकडे वळू.

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन ही मोटारमालकांची संघटना १९५० पासून मोटार बाळगण्याच्या खर्चाचा हिशेब प्रसिद्ध करीत आली आहे. पहिल्या वर्षीचा तिचा आकडा असा होता : वर्षाला दहा हजार मैल मोटार चालविली तर मैलामागे ९ सेंट, म्हणजे वर्षाकाठी ९०० डॉलर. त्या वेळी पेट्रोलचा भाव गॅलनला २७ सेंट होता. गॅलनमागे पंधरा मैल धरले तर वर्षाच्या पेट्रोलचे १८० डॉलर होतात. म्हणजे एकंदर खर्चाचा फक्त पाचवा हिस्सा ! सामान्य माणूस मात्र पेट्रोलच्या भावाविषयीच बोलत असतो, कारण तो पैसा दर आठवड्याला खिशातून जाताना दिसतो. उरलेले चार हिस्से विमा, कर, टायर, दुरुस्ती, कर्जावरील व्याज आणि सर्वांत मोठा वाटा जो घसारा, यांत विभागले जातात. घसारा म्हणजे मोटार जुनी होत गेल्याने तिच्या किमतीत होणारी घट. तो कोणी मागायला येत नाही, म्हणून तो जाणवत नाही. मोटार विकावयास काढली की मगच तो एकदम समोर उभा राहतो.

जुनी मोटार घेणाऱ्याचे तर्कशास्त्र येथूनच सुरू होते. घसारा पहिल्या मालकाने सोसला आहे. आपण तीच मोटार तिच्या मूळ किमतीच्या अल्पशा भागात घेत आहोत. तेव्हा आपला फायदाच. साध्या प्रवासी मोटारीच्या बाबतीत हे तर्कशास्त्र पुष्कळदा खरे ठरते. झेड-सारख्या मोटारीच्या बाबतीत ते का फसले, हे समजण्यासाठी तिच्या अंगोपांगांकडे पाहिले पाहिजे.

तिचे इंजिन उत्तम होते. त्याची ठेवण डॅटसनच्याच साध्या चार सिलिंडरी मोटारीच्या इंजिनाशी जुळती होती. त्यामुळे ते मजबूत होते आणि त्याचे पुष्कळ सुटे भागही सहज मिळत. दोष होता तो अंगात. या मोटारीला निराळी चॅसी नव्हती. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलीत असे. वजन कमी राहावे म्हणून हा पत्रा पातळ ठेवलेला, आणि गंजापासून त्याला मिळालेले संरक्षण अपुरे. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात रस्त्यावरील बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकतात. ते खारे पाणी तळाच्या पत्र्यात, दारांखालच्या उंबरठ्यांत आणि चाकांमागील मडगार्डांत साचून राही. बॅटरीखालचा पत्रा आम्लाने खाल्ला जाई. मागील झाकणाभोवतीचे रबर झिजले की धुराड्याचा धूर आत ओढला जाऊन बसणाऱ्यांचे डोके चढे. उन्हाने समोरच्या फळीला तडे जात. धूर ओकण्यावरील सरकारी निर्बंध कडक होत गेल्यामुळे १९७३ च्या मोटारींना जे नवे कार्ब्युरेटर बसविले, ते उष्ण हवेत अडखळत. कित्येक मालकांनी ते काढून आधीच्या वर्षांतील जुने बसवून घेतले.

येथे एक साधा पण निर्णायक मुद्दा ध्यानात घ्यावयाचा आहे. मोटार जुनी झाली की तिची किंमत उतरते. मिस्त्रीची मजुरी उतरत नाही. तळाचा गंजलेला पत्रा कापून नवा जोडावयास नव्या मोटारीला जितके तास लागतील, तितकेच तास मूळ किमतीच्या दहाव्या हिश्श्यात विकत घेतलेल्या मोटारीलाही लागतात. किंबहुना गंज किती खोल गेला आहे हे उघडून पाहावे लागत असल्याने अधिकच लागतात. आपल्याकडे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. म्हणून अशी मोटार घेताना इंजिनाचा आवाज ऐकून भुलण्याऐवजी तिच्या खाली वाकून पाहणे शहाणपणाचे असते. इंजिन उतरवून दुसरे बसविता येते. अंगच गेले तर मोटारच गेली.

मग असे मोडके अंग विकणारा ते आधीच सांगत नाही काय ? योगायोग असा की, या झेड-मोटारी अमेरिकेच्या रस्त्यांवर नव्याने धावत होत्या त्याच १९७० साली या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर प्रसिद्ध झाले. जॉर्ज अ‍ॅकर्लॉफ या तरुण अर्थशास्त्रज्ञाचा एक छोटासा निबंध तीन मान्यवर नियतकालिकांनी परत केला होता. तो अखेर एका चौथ्या नियतकालिकाने छापला. खराब निघालेल्या मोटारीला अमेरिकन बोलीत 'लिंबू' म्हणतात. निबंधाचा विषय हा लिंबांचा बाजार. अ‍ॅकर्लॉफचे म्हणणे असे : जुन्या मोटारीची खरी अवस्था विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. घेणारा म्हणून सरासरी गृहीत धरून मध्यम भाव देतो. हा भाव चांगल्या मोटारीच्या मालकाला परवडत नाही, म्हणून तो विकावयास येत नाही. वाईट मोटारीच्या मालकाला मात्र तो लाभाचा वाटतो. अशा रीतीने बाजारात वाईट माल साचत जातो. या विचारासाठी २००१ साली त्यांना इतर दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९८५ पासून जुन्या मोटारी विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी, मोटारीला हमी आहे की नाही हे तिच्या काचेवर चिकटवून सांगितले पाहिजे, असा नियम अमेरिकेत अमलात आला.

हा विचार झेडच्या इतिहासाला लावून पाहिला की एक कठोर गोष्ट दिसते. नवी मोटार घेणारा बहुधा चांगल्या मिळकतीचा. त्याने ती तीन-चार वर्षे वापरली आणि घसारा सोसून विकली. दुसऱ्याने काही दुरुस्त्या केल्या, काही पुढे ढकलल्या. तिसरा वा चौथा मालक पुष्कळदा कोवळ्या वयाचा असे. नुकता नोकरीला लागलेला, हातात थोडे पैसे आणि डोळ्यांत त्या लांब नाकाच्या मोटारीचे स्वप्न. त्याच्या वयामुळे विमा कंपनी त्याच्याकडून अधिक हप्ता घेई. १९७३ नंतर पेट्रोलही महागले. आणि आधीच्या मालकांनी टाळलेली प्रत्येक दुरुस्ती त्याच्याच दारात येऊन उभी राही. पहिल्या मालकाने घसारा भरला. शेवटच्याने गंज भरला. घसारा भरणाऱ्याजवळ निदान भरावयाला पैसा होता. जुन्या शोभिवंत वस्तूंच्या व्यवहारात देणे असे खालच्या पायरीवर सरकत जाते आणि ज्याची ऐपत सर्वांत कमी त्याच्या पदरी पडते. हजारो झेड-मोटारी भंगारात गेल्या त्या इंजिन थकले म्हणून नव्हे ; दुरुस्तीचा आकडा मोटारीच्या किमतीहून मोठा झाला म्हणून.

हा हिशेब अडाणी वा उतावळ्या तरुणाचाच चुकतो असे कोणी म्हणेल, तर त्याला १९९७ सालचे उदाहरण द्यावे लागेल. झेड-मालिकेतील तेव्हाची मोटार १९९६ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून काढून घेण्यात आली होती. नवी येईपर्यंत नाव लोकांच्या स्मरणात राहावे म्हणून खुद्द निस्सान कंपनीने जुन्या २४०-झेड मोटारी विकत घेतल्या, निवडक कारागिरांकडून त्या नव्यासारख्या करविल्या आणि मर्यादित हमी देऊन आपल्याच विक्रेत्यांमार्फत बाजारात आणल्या. किंमत ठेवली सुमारे पंचवीस हजार डॉलर. १९७० ते १९९७ या काळात अमेरिकेतील सर्वसाधारण भावपातळी चौपटीहून थोडी अधिक झाली होती. त्या हिशेबाने मूळचे ३,५२६ डॉलर साडेचौदा हजारांच्या आसपास जातात. म्हणजे नव्या मोटारीच्या किमतीहून कितीतरी अधिक पैसे मागूनही व्यवहार जुळेना. एकेका मोटारीवर लागणारे श्रम त्या किमतीत बसत नव्हते. मोटारींची संख्या पन्नासावरही गेली नाही आणि योजना गुंडाळली गेली. ज्यांनी ती मोटार जन्माला घातली, सुटे भाग ज्यांच्या कोठारात, नकाशे ज्यांच्या कपाटात, त्यांनाही जुने नवे करण्याचा खर्च भरून काढता आला नाही. मग घराच्या अंगणात पाने-पकड घेऊन बसणाऱ्या माणसाने कोणत्या हिशेबावर विसंबावे ?

यावर कोणी २०२० च्या जानेवारीतील एका लिलावाकडे बोट दाखवील. १९७१ सालची एक २४०-झेड त्या लिलावात ३ लाख १० हजार डॉलरांना गेली. हा आकडा वाचून अनेकांनी आपल्या पडवीतील गंजक्या मोटारीकडे नव्या नजरेने पाहिले असेल. पण पाटीवर साधे गणित मांडून पाहावे. ३,५२६ डॉलरांचे ४९ वर्षांत ३ लाख १० हजार होतात तेव्हा चक्रवाढ व्याजाचा दर दरसाल सुमारे साडेनऊ टक्के पडतो. त्याच काळात अमेरिकन कंपन्यांच्या समभागांनी लाभांशासह सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास दिले. आणि समभागांना ना विमा लागतो, ना छप्पर, ना तेलपाणी. शिवाय ती मोटार एवढ्या वर्षांत सुमारे एकवीस हजार मैलच चालली होती, म्हणजे वर्षाला साडेचारशे मैलही नव्हे. लाखांत एखादीच्या वाट्याला येणारा हा भाव मिळावयास ती जवळजवळ न वापरताच ठेवावी लागली. वेगासाठी घडविलेल्या वस्तूची ती किंमतच होय, आणि ती लिलावाच्या कागदावर लिहिलेली नसते.

या साऱ्याचा अर्थ, जुनी कूपे कोणी घेऊच नये, असा नाही. ज्यांनी या मोटारी प्रेमाने राखल्या, स्वतः वेल्डिंग शिकून तळ जोडले, रविवार खर्ची घातले, त्यांच्यामुळेच ती घडण आज पाहावयास मिळते. त्यांनी या व्यवहाराला कधी बचत म्हटले नाही. हौस म्हटले, आणि हौसेची रक्कम संसाराच्या रकमेपासून वेगळी ठेवली. फसगत झाली ती हौसेला काटकसरीचे नाव देणाऱ्यांची.

म्हणून वस्तू घेताना दोन प्रश्न विचारावेत. पहिला, ही वस्तू नवी असती तर तिला सांभाळण्याचा खर्च मला झेपला असता काय ? कारण मोटार स्वस्त झाली तरी तिचा खर्च नव्या मोटारीचाच राहतो. दुसरा, माझ्या आधीच्या मालकांनी कोणती देणी न भरता ही वस्तू माझ्या हाती दिली आहे ? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या मिळकतीत मिळते, दुसऱ्याचे मोटारीच्या तळाशी. दोन्ही उत्तरे मिळाल्यावर जो पैसे मोजतो, त्याला पुढे मिस्त्रीचे बिल पाहून दचकावे लागत नाही.