कॅम्प १, कॅम्प २

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. पुढल्या वर्षी ती भोपाळला गेली. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले.

दुर्ग शहराला लागून खेड्यांच्या जमिनीवर वसाहत उभी राहिली. रुंद रस्ते, झाडे, क्वार्टर्स. वस्त्यांना नावे नाहीत, आकडे : सेक्टर १, सेक्टर २, असे पुढे. रुळांपलीकडे मात्र बांधकामावरच्या मजुरांसाठी तात्पुरते तळ पडले. बांधकाम संपले, माणसे राहिली. कॅम्प १ आणि कॅम्प २ ही आजही तिथली पत्त्यावरची नावे आहेत. मराठी वाचकाला ‘कॅम्प’ म्हटले की पुण्याची लष्करी छावणी आठवते, त्यामुळे हा शब्द भाषांतरात नेताना अडतो. ‘तळ’ म्हणावे तर तो कधीतरी उठणार असे वाटते.

कायम आणि तात्पुरते हा भेद भिलाईत पगारपत्रकापर्यंत पोचला. सेक्टर कारखान्याच्या कायम नोकरांचे. आसपासच्या खासगी कारखान्यांतल्या कंत्राटी कामगारांना कायम करा, ही शंकर गुहा नियोगींच्या छत्तीसगढ मुक्ती मोर्चाची मागणी होती. २८ सप्टेंबर १९९१च्या पहाटे नियोगींना भिलाईतल्या घरी, झोपेत गोळी घातली गेली. १ जुलै १९९२ला त्याच मागण्यांसाठी कामगार भिलाई पॉवर हाऊस स्थानकात रुळांवर बसले. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात कामगार मेले.