गटाच्या दप्तराचं जुनं डेस्क



आमच्या गटाचं दप्तर इतकी वर्षं फिरतं होतं. ज्या घरी बैठक, त्या घरी पिशवी. हजेरीची वही, कर्जाची खतावणी, पासबुकं, शिक्का, शाईचा पॅड, सगळं त्या एका पिशवीत. मग एकदा एका घरी तेलाचा डबा कलंडला आणि दोन वर्षांची खतावणी पारदर्शक झाली. तेव्हा ठरवलं, सचिवबाईंच्या पडवीत एक कोपरा ऑफिस म्हणून करायचा. सहा बाय आठ फुटांची जागा. तिथं टेबल मावेना, आणि आम्ही बसतो खाली सतरंजीवर. म्हणून भंगारवाल्याकडं ते डेस्क दिसलं, तेव्हा आम्हा सगळ्यांचं लक्ष एकदमच गेलं.

तुम्ही पाहिलं असेल असलं डेस्क. गुडघ्याएवढं उंच, झाकण आपल्याकडं उतरतं, वर दौत-लेखणी ठेवायला सपाट पट्टी, आत कागदांची पेटी, पितळी कोयंडा. गादीवर लोडाला टेकून, मांडी घालून लिहिणाऱ्याचं हे सामान. एका पडक्या वाड्याच्या लाकडांत ते आलं होतं. वरून राखाडी ऑइलपेंट, एक बिजागरी तुटलेली. भंगारवाल्यानं बाराशे सांगितले, नऊशेला दिलं. आत एक मोडका कंगवा आणि विजेचं एक जुनं बिल निघालं. गुप्तधन काही नाही.

घरी आणलं, तर आमच्या गटातल्या सगळ्यांत वयस्कर आजी लांबच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ही सावकाराची पेटी हाय. हिच्यापुढं बसून आमच्या आजेसासऱ्याची जमीन गेली. मी नाय हिच्याजवळ बसायची."

डेस्क साफ करायला आम्हाला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत एकेक थर निघत गेला आणि आजींचं म्हणणं नुसती जुनी आठवण नाही, हे आम्हाला कळत गेलं. तेच आज सांगायचं आहे.

पहिला थर राखाडी रंगाचा. लाकडाला लोखंडाचा रंग कुणी का द्यावा? त्याचंही कारण आहे. १९२३ साली गोदरेज कंपनीनं लोखंडी कपाटं बनवायला सुरुवात केली. पुढं ती कचेऱ्यांत गेली, मग लग्नातल्या रुखवतात आली, आणि कपाटाला 'गोदरेज' हाच शब्द झाला. लाकूड जुनाट वाटायला लागलं. मग घरात होतं ते लाकूडच राखाडी रंगवून नव्या जमान्याचं करून टाकायचं. त्यानंतर सनमायका आला, त्यानं तर किती चांगलं लाकूड झाकलं याला गणती नाही.

हा रंग काढताना एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याच्या आधीचा रंग कोरडा घासू नका. पाण्यानं ओला करून पत्र्याच्या पट्टीनं खरवडा, नाकातोंडाला कापड बांधा, आणि लहान मुलं व गरोदर बाई तिथं नकोच. खरवडलेले पापुद्रे चुलीत घालू नका. आम्ही पहिल्या दिवशी चुलीतच घालणार होतो.

रंगाखाली निघालं तांबूस, चकाकतं पॉलिश. ते कशाचं आहे हे ओळखायला गावातल्या सुतारदादांनी सोपी युक्ती दाखवली. झाकणाच्या आतल्या कोपऱ्यात स्पिरिटचा एक थेंब टाकला. मिनिटभरात जागा चिकट झाली. "चपडा आहे," ते म्हणाले. चपडा म्हणजे लाख. पांडवांना जाळायला ज्याचं घर बांधलं होतं, तीच ही लाख.

पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीक किडा बसतो आणि स्वतःभोवती लाखेचं घर करतो. एक किलो लाखेला सुमारे तीन लाख किडे लागतात असं सांगतात. फांद्या तोडायच्या, लाख खरवडायची, कुटून धुवायची, की दाणेदार लाख मिळते. ती कापडाच्या लांब पिशवीत भरून कोळशाच्या भट्टीसमोर पिळायची. वितळून बाहेर आलेली लाख मग कारागीर हातांनी, पायांनी आणि चक्क दातांनी धरून चादरीसारखी ताणतात. थंड झाली की तिचे तुकडे म्हणजे चपडा. झारखंड आणि बंगालचा पुरुलिया भाग या धंद्याचं माहेर. रांचीजवळ नामकुमला १९२४ साली लाखेची संशोधन संस्था निघाली. आपल्याकडे गोंदियाच्या बाजूलाही लाखेचा व्यापार चालत आला आहे.

चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्यानं लाकडावर चढवायची पद्धत युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळली. नाव पडलं फ्रेंच पॉलिश. माल मात्र आपल्या जंगलातला. पूर्वीच्या ग्रामोफोनच्या तबकड्याही लाखेच्याच असायच्या. म्हणजे रेडिओवर बोलताना लाखेचे उपकार आपण मानलेच पाहिजेत.

पॉलिश स्पिरिटनं पुसून काढलं आणि खाली सागवान लागलं. त्या सागवानावर, झाकणाच्या उजव्या बाजूला, तळहाताएवढा काळा डाग. लेखणी बुडवून झटकायची जागा. जुनी शाई काजळ आणि डिंकाची. ती वरवर असती तर पाण्यानं निघाली असती, पण लाकडाच्या रेषांत बसलेली निघत नाही. आमच्यातल्या लेकी-सुना म्हणाल्या, रंधा मारा, नव्यासारखं होईल. सुतारदादाही तयार होते. आणि तिथंच आमचं भांडण झालं, कारण त्या डागानं आजींचं बोलणं पुन्हा वर काढलं.

आता जरा मागं जाऊ या. सुपे गाव आमच्यापासून एसटीनं तासाभरावर आहे, बारामती तालुक्यात. १२ मे १८७५ रोजी सुप्यात आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर गेले. त्याआधी, १८७४ च्या अखेरीला, शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावानं सावकारांवर बहिष्कार टाकला होता. सुप्यानंतर हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

दंगा म्हटलं की मारामारी, लुटालूट डोळ्यांपुढं येते. थोडी झालीही. पण सरकारी चौकशी आयोगानंच जे नोंदवलं, ते ऐका. लोकांची मागणी एकच होती: कर्जाची खतं आणि कोर्टाचे हुकूमनामे आमच्या हवाली करा. सावकारानं मुकाट्यानं कागद दिले, तर बहुतेक ठिकाणी लोक ते जाळून निघून जायचे. दिले नाहीत, दार लावून घेतलं, तर मात्र बळजोरी व्हायची. म्हणजे शेतकऱ्यांचा राग या असल्या पेटीतल्या कागदांवर होता.

कागदावर इतका राग का? १८५९ साली इंग्रज सरकारनं मुदतीचा कायदा केला. कर्जाचं खत तीनच वर्षं चालेल, म्हणजे व्याज वर्षानुवर्षं साठणार नाही, असा हेतू. झालं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार नवं खत लिहून घ्यायचा. जुनं मुद्दल अधिक जुनं व्याज, दोन्ही मिळून नवं मुद्दल, आणि त्यावर पुन्हा व्याज. आपल्याकडे दामदुपटीचा रिवाज होता, व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचं नाही. तो कागदावर असा मोडला. १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून जास्त व्याज लावल्याचं उदाहरण आयोगापुढं आलं. स्वतःच्याच गाड्या आणि बैल सावकाराला लिहून द्यायचे आणि त्याच्याकडून पुन्हा भाड्यानं घ्यायचे, असेही करार झाले.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तेव्हा विलायतेला आपला कापूस हवा होता. सावकारांनी हात सैल सोडले. युद्ध संपलं, भाव पडले, हात आखडले. सारा मात्र वाढवून ठेवलेला. त्यातून ही खतं फुगली.

आणि ही खतं लिहिली जायची मोडीत, एकाच बाजूच्या हातानं. देणेकऱ्याला वाचता येत नव्हतं. तो सही कशी करायचा, ठाऊक आहे? कुणब्याच्या नावापुढं नांगराचं चित्र काढायचे, 'निशाणी नांगर'. आणि बाईच्या नावापुढं बांगडी, 'निशाणी बांगडी'. अंगठ्याच्या ठशाचं शास्त्र नंतर आलं. कलकत्त्याला ठशांची कचेरी निघाली १८९७ साली. तोवर बाईची सही म्हणजे एक वाटोळं चित्र. वर काय लिहिलं आहे ते तिला कुणी वाचून दाखवेल, तेव्हा खरं.

जोतिबा फुल्यांनी हे फार आधी ओळखलं होतं. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली ती जोतिबा-सावित्रीबाईंनी, आणि १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला तोही जोतिबांनीच. शाळा आणि शेतकऱ्याचं कर्ज या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, असं आम्हाला ते डेस्क घासताना वाटलं.

दंग्यांनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यात गावोगाव नोंदणीदार नेमायची तरतूद होती. शेतकऱ्यानं करून द्यायचा दस्त त्याच्या देखरेखीखाली लिहायचा, मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि सही करणाऱ्याला समजला आहे याची खात्री झाल्यावरच निशाणी घ्यायची. पैसे भरल्याची लेखी पावती, वर्षाचा हिशोब आणि मागितलं तर पासबुक हा शेतकऱ्याचा हक्क ठरला. पासबुक! १८७९ साली! आमची समजूत, की पासबुक बँकेनं आणलं. कायद्यानं सावकारी संपली नाही, जमिनी जातच राहिल्या, आजींच्या सासरचीही नंतरच गेली. पण वाचून दाखवायची अट कागदावर तरी आली.

पुढं १९५० च्या कायद्यानं कुलकर्णी वतन गेलं, गावच्या दप्तरावर तलाठी आला. १९७५ साली, म्हणजे सुप्याच्या दंग्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झालं. १९९२ साली नाबार्डनं ५०० बचत गट बँकांना जोडायचा पहिला प्रयोग केला. गटाची पंचसूत्री तुम्हाला पाठ आहे: बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे. लेखे शेवटी म्हणतो आणि कंटाळाही त्याचाच सगळ्यांत जास्त करतो.

तर डागाचा निकाल असा लागला. रंधा मारायचा नाही. एक तर सागवानाचा वरचा थर गेला की झाकण पातळ होतं, हे सुतारदादांनीही शेवटी कबूल केलं. आणि दुसरं, डाग आपल्याला नको असेल तर तो नेमका का नको, हे आमच्यापैकी कुणालाच नीट सांगता येईना. आजी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. कुनी इचारलं तर सांगायला व्हईल."

पॉलिश आम्हीच केलं. चपडा रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवला, फडक्यातून गाळला. कापसाच्या बोळ्यावर जुन्या सुती लुगड्याची चिंधी गुंडाळली. बोळा ओला नको, ओलसर हवा, आणि लाकडावर मध्येच थांबवायचा नाही, नाहीतर डाग पडतो. पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, बारीक पॉलिश पेपर फिरवायचा, पुन्हा हात द्यायचा. आम्ही नऊ हात दिले. पावसाळी दमट हवेत हे काम करू नका, पॉलिश पांढरं पडतं. आमचे दोन दिवस त्यातच गेले. स्पिरिट पेट घेतं, म्हणून विडी आणि चूल लांब. विरघळवलेला चपडा वर्षभर साठवू नका, जुना झाला की नीट वाळत नाही. आणि झाल्यावर वर गरम चहाचा कप ठेवायचा नाही. लाखेवर पांढरं कडं उमटतं, आणि ते कुणाच्या कपाचं हे गावात लगेच कळतं.

डेस्कावरच्या पहिल्या बैठकीला आम्ही ठराव केला: प्रत्येकीची कर्जाची नोंद मोठ्यानं वाचायची, मग सही किंवा अंगठा. आजी आल्या, पण उंबऱ्याजवळच बसल्या. त्यांची नोंद वाचली. मुद्दल, व्याज, भरलेले हप्ते. आजी बोटं मोजत होत्या. म्हणाल्या, "दिवाळीच्या महिन्याचा हप्ता कुठं गेला?"

खतावणी पाहिली. पासबुकावर हप्ता जमा होता, खतावणीत नव्हता. तेलाचे डाग पडलेली पानं नव्या वहीत उतरवताना ती ओळ राहून गेली होती. दोनशे रुपये. चूक आमचीच. सचिवबाईंनी लाल शाईनं दुरुस्ती केली, अध्यक्षांनी सही केली. आजी उठल्या, डेस्काजवळ आल्या, त्या काळ्या डागाशेजारी वही ठेवून अंगठा उमटवला आणि पुढच्या बाईची नोंद ऐकायला तिथंच खाली बसल्या.