साताऱ्याच्या वाटेवरची मुरुडची पोरं

आमच्या मुरुडात मधोमध एक सरळ रुंद रस्ता, दोन्ही अंगांना घरं आणि घरांमागे नारळी-पोफळीच्या बागा. दुर्गादेवीच्या देवळाशी उभं राहिलं की गाव कुणीतरी दोरी धरून आखलं असावं, असं वाटतं. आखीव गाव, पण पोटाला पुरेसं देणारं नव्हे. म्हणून इथला मुलगा मिसरूड फुटायच्या आधीच बाहेरची वाट बघायचा. एक वाट समुद्रातून मुंबईची, दुसरी घाटावरची.

या दुसऱ्या वाटेनं १८७५ च्या सुमारास इथली काही विद्यार्थी मुलं भर पावसात साताऱ्याला चालत गेली. त्यांच्यातला एक धोंडो केशव कर्वे. पुढचे महर्षी, पण तेव्हा अंगानं किरकोळ, जेमतेम सतरा वर्षांचा मुलगा. त्यांना मराठी सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती. ती पास झाली की शाळामास्तर किंवा कारकून होता यायचं, घरात महिन्याला रोख पैसा यायचा. वाट शंभरावर मैलांची होती. खेड, चिपळूण, मग कुंभार्ली घाट, घाटमाथ्यावर हेळवाक, तिथून कोयनेच्या खोऱ्यानं पाटण आणि पुढे सातारा.

मी शाळेत शिकवत होते तेव्हा मुलांची सहल याच घाटातून एसटीनं साताऱ्याला नेलेली आहे. पावसाळ्यात इथे धुकं उतरलं की चालकाला पुढचं वळण दिसत नाही. १८७५ मध्ये कोयनेचं धरण नव्हतं, मोटार नव्हती. त्या पोरांच्या पायांखाली चिखल होता आणि डोक्यावर सह्याद्रीचा पाऊस. बरोबर कुणी मोठं माणूस होतं, असं मी कधी ऐकलं नाही.

साताऱ्याचं आणि कोकणाचं नातं या मुलांहून जुनं. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट घाट चढून गेले, शाहू महाराजांच्या पदरी राहिले आणि १७१३ साली पेशवे झाले. मग कितीतरी कोकणी घरांनी तोच रस्ता धरला. सनद हवी, नोकरी हवी, तर छत्रपतींच्या राजधानीकडे बघायचं. १८४८ मध्ये डलहौसीनं ते राज्य खालसा केलं. अजिंक्यतारा होता तिथेच राहिला आणि त्याच्या पायथ्याशी साहेबाची कचेरी बसली. माझ्या मते कोकणातल्या गरिबाच्या लेखी मात्र सातारा पुष्कळसा तोच राहिला. पोटाचा कागद घाटावरच मिळायचा. फक्त सनदेच्या जागी सर्टिफिकेट आलं.

तो कागद धोंडोपंतांना मिळाला नाही. वयाची अट सतरा पुरी अशी होती, ती ते पुरी करत होते. पण परीक्षा घेणाऱ्या साहेबाला हा मुलगा सतराचा दिसेना. त्यानं परीक्षेला बसूच दिलं नाही. एवढी पायपीट करून गेलेल्या मुलाला नुसत्या चेहऱ्यावरून परत पाठवलं, हे वाचताना आजही माझ्या जिवाला लागतं. आत्मवृत्तात त्यांनी ते लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला माहीत तरी आहे. असे आणखी किती परतले असतील!

धोंडोपंत मात्र थांबले नाहीत. पुढे कोल्हापूरहून त्यांनी ती परीक्षा दिली आणि पास झाले. १८८१ साली मॅट्रिक, १८८४ साली बी. ए. हे टप्पे सगळ्यांना पाठ असतात. १९२९ साली, एकाहत्तराव्या वर्षी, ते स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा शहरी शिक्षण परिषदेत बायकांच्या उच्च शिक्षणाविषयी बोलून आले.

मला त्याहून जवळचा वाटतो तो मुरुड फंड. मुंबईत नोकरीधंद्याला लागलेल्या मुरुडकरांना धोंडोपंतांनी एकत्र आणलं आणि कमाईतला लहानसा वाटा गावाच्या कामासाठी बाजूला काढायला लावलं. पुढे १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं म्हणून याच गावानं त्यांच्यावर बहिष्कार टाकला. हेही आमच्या मुलांना सांगायला हवं, आणि गावातच सांगायला हवं.