छोट्या मैदानातले मोठे खेळाडू

सेकंड शिफ्ट सुटली की चिंचवड, मोशी, चाकणच्या टर्फवर पाच-पाचच्या टीम पडतात. या छोट्या फुटबॉललाही इतिहास आहे बरं का.

१९७८ मध्ये अमेरिकेत मेजर इनडोअर सॉकर लीग सुरू झाली. युगोस्लाव्हियाचा स्टीव्ह झुंगुल परवानगी न घेता तिकडे गेला, म्हणून मोठ्या मैदानाची दारं त्याला काही वर्षं बंद झाली. मग तो छताखाली खेळला. त्या लीगमध्ये त्याचे गोल किती? ६५२! लीग १९९२ मध्ये बंद पडली, तरी इनडोअर सॉकर हॉल ऑफ फेममध्ये झुंगुलचं नाव आहे. कारण त्याचा गोल न् गोल नोंदवलेला होता.

आता आपल्याकडे या. २०१६ मध्ये प्रीमियर फुटसाल आली. गोव्याकडून रोनाल्डिन्योनं एकाच सामन्यात ५ गोल मारले. मुंबईनं कोचीला हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. पण अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची मान्यता नव्हती, आणि दोनच मोसमांत सगळं आटोपलं. रोनाल्डिन्यो सगळ्यांना आठवतो. त्याच संघांतून खेळलेल्या भारतीय पोरांपैकी एकाचं तरी नाव सांगता येईल?

महासंघाची स्वतःची फुटसाल क्लब स्पर्धा सुरू झाली ती थेट २०२१ मध्ये. पहिला विजेता दिल्ली एफसी.

म्हणून एक विनंती. तुमच्या कंपनीच्या स्पर्धेत कुणी गोल मारला, तर तारीख आणि पूर्ण नाव वहीत लिहा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सोडून देऊ नका. भेटू पुढच्या भागात!